लय नसलेली थाप

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती तर शेवट वेगळा केला असता.

ती रात्रीची नाही, हेही आधीच सांगते. रविवारची सकाळ, दहाचा सुमार, लख्ख ऊन. जून १९६१. बंगळूरचं जयनगर.

तेव्हा तिथं प्लॉट जास्त आणि घरं कमी होती. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एकच घर.

माझे वडील श्रीधरराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. सांगलीहून नोकरीसाठी इथं आलेले. कारखान्यात इंग्रजी, बाजारात कन्नड, आणि मराठी फक्त घरात. गाणंही घरातच. महिन्यातून एका रविवारी आमच्या हॉलमध्ये बैठक व्हायची. पांढरी चादर, वीस-बावीस माणसं, आईची कॉफी. लाउडस्पीकर नाही.

धारवाडच्या भागीरथीबाई वर्षातून दोनदा यायच्या. मोठ्या सभागृहांतून गाणारी बाई, पण आमच्या घरी बिदागीशिवाय गायची. एकदा मी त्यांना कारण विचारलं.

"सभागृहात मला पहिली रांगसुद्धा धड दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "इथं कुणी आवंढा गिळला तरी ऐकू येतो. मग मी आणखी थोडी पुढं जाते. तुम्ही नेता मला."

ते खरं होतं. बाईंनी श्वास घेतला की आम्हीही घ्यायचो. त्या एखाद्या स्वरावर थांबल्या की वीस माणसं थांबायची. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. इतकी माणसं एकत्र इतकी गप्प बसू शकतात, हे मला दुसरीकडे कुठंही दिसलं नव्हतं.

त्या शांततेसाठी बाबांचा एक नियम होता.

तानपुरे जुळले की दाराला कडी. राग संपेपर्यंत ती निघायची नाही. मंत्री आला तरी नाही.

कडीचं काम माझं होतं. मी दाराशेजारी, जमिनीवर बसायची.

तबल्याला बिंदुमाधव असायचे. त्यांच्या घराण्याच्या चार-पाच पिढ्या बंगळूरच्या जुन्या बाजारात, चिकपेटेत गेलेल्या. कापडाच्या दुकानात नोकरी. अर्धी मराठी, अर्धं कन्नड. सगळे त्यांना बिंदूअण्णा म्हणायचे आणि ते मला 'पुट्टी'. म्हणजे छोटी. दारावर ते कधी साधी टकटक करायचेच नाहीत. बोटांनी तीनतालाचा तुकडा वाजवायचे आणि समेवर थांबायचे. मग मी दार उघडायची.

शनिवारी संध्याकाळी ते तबला ठेवायला आले.

"उद्या स्वल्प उशीर होईल, राव. अक्काला सकाळच्या गाडीत बसवून येतो."

अक्का म्हणजे त्यांची बहीण. नवरा, परसू, तिला गुरासारखा मारायचा. तीन दिवसांपूर्वी बिंदूअण्णा तिला उचलून घरी घेऊन आले होते. आता बेळगावला मामाकडे पाठवत होते.

"परसू काही करणार नाही ना?" आईनं विचारलं.

"बोलतो खूप. माझे हात तोडीन म्हणाला." त्यांनी दोन्ही पंजे वर करून हलवले. "मी म्हटलं, सरी, ठीक, पण रविवार सोडून ये. रविवारी मला काम आहे."

आम्ही हसलो.

"उशीर झाला तर बाहेर बसावं लागेल हं," बाबा म्हणाले. "कडी निघणार नाही."

"तुमच्या कडीला माझी थाप कळते, राव." मग चप्पल घालता घालता ते मला म्हणाले, "बघ पुट्टी, नवा अंगठा. लाल दोऱ्यानं शिवून घेतला. झोकात आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. बिंदूअण्णा आले नाहीत. बाईंना दुपारची गाडी होती. त्या म्हणाल्या, तोडी रागाचा नुसता आलाप सुरू करते, तो येईपर्यंत तेवढंच होऊ दे.

तानपुरे जुळले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कडी लावली.

तशी तोडी मी पुन्हा ऐकली नाही. दहा मिनिटांत हॉलमध्ये कुणाला देह उरला नव्हता...

आणि दारावर थाप पडली.

एक. मग दोन, घाईत. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

बाईंच्या कपाळाला आठी पडली, पण स्वर सुटला नाही. माणसांनी माना वळवून दाराकडे रागानं पाहिलं. माझा हात कडीकडे गेला.

बाबांनी बोट वर केलं. नाही.

मग ते माझ्याकडे झुकले आणि कानाशी चार शब्द बोलले.

"बिंदू नाही. लय नाही."

थापा पडतच राहिल्या. आधी माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर. मग खांद्याजवळ. मग आणखी खाली... दाराच्या तळाशी काहीतरी खरवडल्यासारखं झालं.

मग थांबलं.

बाई वरच्या षड्जाला पोचल्या. सगळ्या खोलीतून एकदम 'वा' उमटलं. इतक्या मनापासून दाद आमच्या घरात कधी दिली गेली नव्हती.

त्यानंतर आईनं चादरीकडे बोट दाखवलं.

दाराखालच्या फटीतून आलेलं लाल पाणी चादरीत चढत होतं.

कडी काढली तेव्हा दार आपोआप आत आलं. त्याच्यावर बिंदूअण्णा टेकलेले होते. ते माझ्या मांडीवर पडले. पहिला वार मानेवर होता, नारळ सोलायच्या कोयत्याचा. डॉक्टर म्हणाले, त्या वारानंतर आवाज निघणं शक्यच नव्हतं. हाक मारता येत नव्हती, म्हणून ते दार वाजवत होते. आणि एका हातानं वार अडवत होते. उजवा पंजा मनगटापासून करंगळीपर्यंत उघडला होता.

जो हात मोकळा होता त्या हातानं माणूस दार वाजवतो. लय कुठून असणार?

परसू पळालाच नाही. रस्त्याच्या कडेला बसून राहिला होता. पोलिसांना तो जे बोलला ते बाबांनी आम्हांला एकदाच सांगितलं.

"मी दोनदा थांबलो होतो. वाटलं, आतून कुणीतरी उघडेल. आत एवढी माणसं होती."

तीन महिने घरात गाणं झालं नाही. मग मित्रांनीच बाबांना समजावलं. बैठक बंद केली तर बिंदूअण्णांनाही आवडलं नसतं, वगैरे. सप्टेंबरात एका तरुण गायकाला बोलावलं. तबल्याला पोस्टातले दामोदर. बाबांनी नियम बदलला. दार सताड उघडं ठेवायचं. त्यांनी स्वतः त्याला दगड लावला.

तानपुरे जुळले.

उघड्या दाराच्या फळीवर थाप पडली.

ऊन होतं. सगळ्यांना दिसत होतं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं, दारामागे कुणी नव्हतं. फळी मात्र हादरत होती. एक. मग दोन, घाईत. मग बराच वेळ काही नाही...

"वारं आहे हो," दामोदर हसून म्हणाले. सगळ्यांना धीर यावा म्हणून त्यांनी लगेच ठेका धरला.

पहिल्या समेला त्यांचा हात तबल्यावर पडला आणि उघडला.

दुसरा शब्द मला सापडत नाही. मनगटापासून करंगळीपर्यंत, कुणी सरळ पातं ओढावं तसा. रक्त समोरच्या माणसाच्या चष्म्यावर उडालं. दामोदर ओरडलेही नाहीत. ते नुसते हाताकडे बघत राहिले, कुणा दुसऱ्याचा असावा तसे. अकरा टाके पडले. "शस्त्र कुठलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. 

बैठका संपल्या. माणसं यायची थांबली. तानपुऱ्यांना गवसण्या चढल्या.

बाबा मात्र दर रविवारी दहाला दाराशी खुर्ची टाकून बसायचे. दार उघडं. रस्त्याकडे तोंड. सात वर्षं. मधल्या काळात परसू तुरुंगात मेला, माझी आई गेली, मी कॉलेजात शिकवायला लागले. बाबांनी खुर्ची हलवली नाही.

काही ऐकू यायचं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

१९६८च्या ऑक्टोबरात त्यांनी भागीरथीबाईंना पत्र लिहिलं. 'ती तोडी अर्धी राहिली आहे. ती पुरी झाल्याशिवाय त्याला आणि मला सुटका नाही.'

बाई आल्या. थकल्या होत्या, पण आल्या.

"श्रीधरराव, भीती नाही ना वाटत?" त्यांनी विचारलं.

"भीती तेव्हा वाटायला हवी होती, बाई."

आम्ही तिघंच होतो. तानपुरा माझ्याकडे. बाबांनी दार उघडलं आणि सुंभाच्या दोरीनं खिडकीच्या गजाला करकचून बांधलं. मी गाठ ओढून पाहिली.

षड्ज लागला. म्हातारा आवाज, पण तोच. मी डोळे मिटले...

एक. मग दोन, घाईत.

बाबा उठले. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता. उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी उठावं तसे ते उठले.

"या, बिंदूअण्णा," ते म्हणाले. "चुकलो मी. या आत."

आणि त्यांना घ्यायला उंबऱ्याबाहेर गेले.

दोरी तुटली. दार धाडकन मिटलं. माझ्या डोळ्यांदेखत कडी वर गेली, वळली आणि कोयंड्यात बसली.

बाहेरून आवाज आला. टक् टक्. बाबांची अंगठी. लहानपणापासून ऐकलेली. कारखान्यातून आले की ते असंच वाजवायचे, दोनदा.

मग तिसरी थाप पडली. तिला लय नव्हती.

मी तानपुरा टाकला. त्याचा भोपळा फुटला. बाईंनी गाणं या वेळी तत्क्षणी थांबवलं. आम्ही दोघी कडीला लटकलो. माझी तीन नखं मुळापासून निघाली. कडी हलली नाही. थापा खाली येत होत्या. खांद्याजवळ. कमरेजवळ. मी ओरडत होते. बाहेरून मात्र हाक नव्हती, शब्द नव्हता. नुसतं लाकूड. शेवटी तळाशी अंगठी घासत गेल्याचा आवाज आला.

मग कडी लोण्यातून निघावी तशी निघाली.

बाबा माझ्या पायांवर पडले. मानेवर वार. दोन्ही हातांवर वार. उजव्या पंजाचं मी लिहीत नाही.

समोरच्या घरातल्या सुनंदाबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. पोलिसांपुढे त्या एकच सांगत राहिल्या, "यारू इल्ला. कुणी नव्हतं हो. राव एकटेच होते. एका हातानं दार वाजवत होते, आणि दुसरा असा डोक्यावर धरून काहीतरी अडवत होते."

दोरी नंतर मी पाहिली. ती तुटली नव्हती. कापली होती.

पोलिसांनी आधी माझ्यावर संशय घेतला. मग बाईंवर. मग कागद कुठंतरी ठेवून दिला.

बाबांचं वर्षश्राद्ध होऊन तीन आठवडे झाले. आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते, कारण ते न लिहिता ही गोष्ट खरी होणार नाही.

बाबा म्हणाले होते, बिंदू नाही. त्यांनी फक्त ऐकलं होतं. मी जमिनीवर, दाराशेजारी बसले होते. दाराखाली बोटभर फट होती.

मला चप्पल दिसली होती. अंगठ्याला लाल दोरा होता.

मला माहीत होतं कोण आहे ते. हात कडीवर होता. बाबांनी बोट वर केलं, हे निमित्त झालं. खरं म्हणजे बाई त्या क्षणी कोमल गंधारावरून वर निघाल्या होत्या... आणि पुढचा स्वर मला हवा होता.

बाबा सात वर्षं माझ्या जागी बसले. त्यांना ते कधीच कळलं नाही. की कळलं होतं?

त्यांच्या तेराव्यानंतर मी सुतार बोलावून दार काढून टाकलं. कडी, कोयंडा, चौकट, सगळं. तिथं आता नुसता पडदा आहे. शेजारी म्हणतात, एकटी बाई, अशी काय राहते? चोर येतील. येऊ देत. ज्याला यायचं त्यानं सरळ आत यावं, एवढंच मला हवं होतं. वर्षभर घर शांत होतं.

आज रविवार आहे. दहा वाजून गेलेत. बाहेर ऊन आहे, पडदा हलत नाही.

लाकडावर थाप पडते आहे. एक. मग दोन, घाईत. आणि तिच्या जोडीला अंगठीचा आवाज... टक् टक्.

लिहायला बसले तेव्हा त्या थापा माझ्या डोक्याच्या वर होत्या. आता कमरेशी आल्या आहेत.

मी तिसऱ्यांदा उठून उंबऱ्याशी गेले. दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.

उघडायला तिथं काहीच नाही.