दुपारची पाळी

शीतगृहाच्या मशीनरूममध्ये त्याचं ऑपरेटरचं काम तसं साधं होतं, फक्त ते चुकवून चालत नसे. दर तासाला उठायचं, कॉम्प्रेसरच्या मीटरवरचे आकडे पाहायचे आणि रजिस्टरच्या रकान्यांत लिहायचे. आकडा सारखा उतरत चालला, तर मशीन बंद पडायला आलंय असं समजायचं. पाळी संपली की पुढचा माणूस येई आणि 'चार्ज घेतला' असं लिहून सही करी. मग आधीच्याने 'चार्ज दिला' लिहायचं आणि घरी जायचं. पुढचा आलाच नाही, तर डबल ड्यूटी. मशीन बेवारस सोडायचं नाही.

त्याला हे काम शिकवणारे म्हातारे उस्ताद एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "तोंड पाहिल्याशिवाय चार्ज देऊ नकोस, बाळा. नुसती पावलं वाजली म्हणून उठायचं नाही."

बावीस वर्षं त्याने हा नियम पाळला होता.

या वर्षी मात्र माणसं कमी झाली आणि सलग सात आठवडे त्याच्या वाट्याला रात्रपाळीच आली. सकाळी आठला घरी यायचं, खिडकीला काळं कापड लावायचं, कानांत कापसाचे बोळे घालायचे आणि पडायचं. पण डोळ्याला डोळा लागेल तर शपथ. भिंतीपलीकडे कुणी भांडं ठेवलं तरी ते याच्या कवटीत वाजे. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होई. बायको नऊला शिवणकामाच्या कारखान्यात जाई. पाचवीतली मुलगी ठकी सव्वाबाराला शाळेतून येई आणि चपला हातात घेऊन मांजरासारखी घरात शिरे. तरीही तो खेकसे. भागाकार समजावून सांगायला बसला, तर दुसऱ्याच ओळीला आवाज चढे आणि ठकीचे डोळे भरत.

दोघांमध्ये एकच गंमत उरली होती. ठकीला जांभई आली की त्यालाही यायचीच. "जांभई म्हणजे आगाऊ पाहुणी," तो म्हणे. "एका घरी आली की शेजारी डोकावणारच."

मग एका पहाटे रजिस्टरमधले तीन रकाने रिकामे राहिले. सुपरवायझरने पानावर बोट ठेवलं. "गॅसची लाइन फुटली असती म्हणजे? आणखी एक रकाना रिकामा दिसला, तर घरीच झोपा. कायमचे."

त्या सकाळी तो अंथरुणावर पडला आणि छताकडे पाहत, रिकाम्या खोलीला हात जोडून म्हणाला, "घे रे बाबा चार्ज, कुणीतरी. मी दिला."

आणि त्याला झोप लागली. मुडद्यासारखी. जागा झाला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. गादीला पाठ टेकायची आणि पाच वाजता उठायचं. मधे स्वप्नसुद्धा नाही. रकाने भरू लागले, नोकरी वाचली. बायको म्हणाली, "दृष्ट लागेल हो अशी झोप."

चौथ्या दिवशी त्याला मोरी शांत वाटली. महिनोन् महिने टपटपणारा नळ गप्प होता.

"नळवाल्याला बोलावलंस?" त्याने बायकोला विचारलं.

"अहो, मी कधी बोलावू? तुम्हीच केलात ना दुरुस्त?"

 तो पाणी प्यायला गेला, तर ओट्यावर दोन पेले धुऊन पालथे घातलेले होते. दुपारी घरात जागी असायची ती एकटी ठकी. दोन पेले कुणाला लागले? घरातलं लंगडं स्टूल हलवून पाहिलं, तर ते चारही पायांवर घट्ट उभं. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्याने ठकीची वही उघडली. भागाकाराची तीन पानं. प्रत्येक गणिताशेजारी काडेपेटीतल्या काड्यांची चित्रं काढून, गट पाडून समजावलेलं. शेवटी लाल बरोबरच्या खुणा.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"इश्श! तुम्हीच की."

"ठकी, खरं सांग. दुपारी घरात कोण येतं?"

"कुणी नाही, देवाशप्पथ." तिला वाटलं, बाबा थट्टा करतायत. "दुपारी तुम्ही किती छान शिकवता. अजिबात चिडत नाही. संध्याकाळी उठलात की परत तेच, आग्यावेताळ!"

तो हसला नाही. घरात परका माणूस शिरतो, आपल्या मुलीजवळ बसतो आणि तिच्याकडून हे वदवून घेतो, असंच त्याला वाटलं. रात्रभर मशीनसमोर तो दात खात बसला. आकडे मात्र चुकले नाहीत.

सकाळी बायको गेल्यावर त्याने टाल्कम पावडरचा डबा आणला. एक पातळ पट्टा बाहेरच्या दाराशी पसरला, दुसरा झोपायच्या खोलीच्या उंबऱ्याशी. ताटलीभर पावडर, पण सापळा पक्का. मग तो खोलीत जाऊन आडवा झाला.

पाचला उठून, उंबऱ्याशी पसरलेली पावडर न तुडवता ओलांडून त्याने आधी बाहेरचं दार पाहिलं. पावडरीत ठकीची इवली पावलं तेवढी होती. दुसरं कुणी आत आलं नव्हतं.

मग तो खोलीच्या उंबऱ्याशी वाकला. तिथे मोठ्या माणसाची अनवाणी पावलं होती. उजव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली. चौदा वर्षांपूर्वी त्याच्या पायावर व्हॉल्व्ह पडला होता, तेव्हा ती तशी झाली होती.

त्याने पुन्हा नीट पाहिलं. सगळी पावलं बाहेर जाणारी होती. आत येणारं एकही नव्हतं.

पण तो तर आत्ता गादीवरून उठला होता. आतून.

ठकी खाली खेळायला गेली होती. त्याने तिची वही पुन्हा काढली आणि या वेळी मागच्या बाजूने उघडली. शेवटच्या पानांवर पट्टीने रकाने आखलेले होते. दिवसाला एक पान. पहिलं पान त्या सकाळचं, ज्या सकाळी त्याने हात जोडले होते. वर लिहिलं होतं, 'चार्ज घेतला'. खाली सही. सही त्याचीच होती, फक्त पंचविशीतली. स्वच्छ, न थरथरणारी.

दर तासाची नोंद होती. 'एक वाजता. ठकी जेवली. नळ दुरुस्त.' 'दोन वाजता. भागाकार, बाकी काढणं समजलं.' आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एक आकडा. त्यावर मथळा होता, 'श्वास, मिनिटाला'.

पहिल्या दिवशी चौदा. मग बारा. मग अकरा, नऊ.

आजचा आकडा सहा होता.

उतरत्या आकड्यांचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं तो तेच वाचत आला होता. आपण तोंड न पाहता चार्ज दिला, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

त्याने ठरवलं, उद्या झोपायचं नाही. जो कोणी आहे, त्याचं तोंड पाहायचं आणि चार्ज परत घ्यायचा. नाहीतर एका दुपारी आकडा संपेल. आणि ठकीला ते कळणारसुद्धा नाही, कारण तिच्याजवळ बाबा बसलेलेच असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसला. दहा वाजले. अकरा वाजले. मान लुळी पडू लागली, तेव्हा त्याने स्वतःला चिमटे काढले. साडेअकराच्या सुमाराला एकदाच पापणीला पापणी टेकली. एकदाच. डोळे उघडले तर समोर ठकी चपला हातात घेऊन उभी होती.

त्याला एकदम हुशारी वाटली. डोळ्यांतली वाळू गेली होती, डोकं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. जागरण जिंकलो, असं त्याला वाटलं. त्याने ठकीला वाढलं. ती वही घेऊन बसली, तसा तोही बसला. काडेपेटीतल्या काड्या ओतून त्याने गट पाडले. ती चुकली. त्याने पुन्हा पाडले. ती पुन्हा चुकली आणि तो हसला. राग कुठे शोधूनही सापडेना.

"सत्तावन्न काड्या, चौघांत वाटायच्या. एकेकाला किती? आणि उरली किती?" त्याने विचारलं.

"बाबा, हळू," ठकी कुजबुजली.

"का गं?"

तिने बंद दाराकडे बोट केलं. "आत झोपलेत ना."

"कोण?"

"रोज काय विचारता? तुम्हीच."

काड्या त्याच्या मुठीत राहिल्या. तो कान देऊन ऐकू लागला.

आतून श्वास ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

तो उठला. दार बोटभर उघडलं. आत काळ्या कापडाचा अंधार होता. गादीवर भिंतीकडे तोंड करून कुणीतरी झोपलं होतं. चादरीतून उजवं पाऊल बाहेर आलेलं. वळलेली करंगळी.

दोन पावलं टाकली असती, तर तोंड दिसलं असतं.

त्याऐवजी त्याची नजर सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. सेकंदकाटा एक फेरी फिरेपर्यंत त्याने मोजलं.

दोन.

त्याने दार हलकेच लावलं, परत येऊन बसला आणि वही मागून उघडली. आजच्या पानावर रकाने आखून तयार होते. वर 'चार्ज घेतला' होतं. खालच्या सहीवरून चुकून अंगठा गेला, तर शाई पसरली. ओली होती.

त्याने एक वाजताच्या ओळीला दोनचा आकडा लिहिला. अक्षर सुरेख आलं.

"चौदा!" ठकी म्हणाली. "आणि एक उरली."

"शाबास."

ठकीने वही मिटली, हात ताणले आणि तोंड उघडून एक लांबलचक जांभई दिली. मग गालात हसत त्याच्याकडे पाहत राहिली, रोजच्यासारखी.

तोही वाट पाहत राहिला.

जांभई आली नाही.