अनंताची तिसरी कळी

"थांबा! ते पाणी घालू नका!"

शाल्मली इतकी दचकली की बादली कलंडून तिच्याच पायांवर पाणी सांडलं. गच्चीच्या एका टोकाला तिची खोली होती, दुसऱ्या टोकाला आणखी एक. तिथल्या खिडकीतून आधी एक चष्मा बाहेर आला आणि मग दारातून चष्म्याचा मालक. हा घरमालकांचा मुलगा त्रिविक्रम. शाल्मलीला हनुमंतनगरच्या या घरात भाड्यानं येऊन महिना झाला होता, आणि इतक्या दिवसांत स्वारीनं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य!

"झाड माझं आहे," ती फणकारली.

"झाड तुमचं, पाणी आमच्या बोअरचं. चुना किती आहे त्यात! बोम्मसंद्र्याला आमच्या कारखान्यात मी रोज पाणी तपासतो. असलं पाणी आम्ही बॉयलरलासुद्धा देत नाही. आणि हा तर अनंत... त्याला स्वल्प आंबट माती लागते."

"मग काय, लोणचं घालू?"

त्रिविक्रम हसला. हसला की त्याचे कान लाल होतात, हे तिनं तेव्हाच टिपलं.

सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टात कॉम्प्युटर कंपनीतल्या नोकरीसाठी ती पुण्याहून बंगळूरला आली, ती रात्रभर बसमध्ये ही कुंडी मांडीवर घेऊन. आईचा अनंत पुण्यात फुलांनी लगडायचा. त्याच्याच फांदीचं हे रोप मात्र इथं रुसलं होतं. पानं पिवळी, नुसत्या शिरा हिरव्या. नव्या गावात शाल्मलीचंही मन फारसं रमलं नव्हतं, त्यामुळे त्या पानांकडे बघून तिला रडूच यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात स्टीलचा टंबलर आणि एक वाटी होती. शेजारी त्रिविक्रम अवघडून उभा.

"टंबलरमध्ये कॉफी, ती तुम्हाला. वाटीत चोथा, तो झाडाला. उलटं करू नका."

"मी चहा पिते."

"सरी, ठीक आहे... पण झाड कॉफी पितं. त्याला सोबत नको?"

तिनं टंबलर घेतला. मग रोजच घेऊ लागली. त्यानं पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप लावलं, पावसाचं पाणी साठवलं. ती त्याच्या मराठीची टर उडवायची. तो म्हणायचा, "आमचे पणजोबा मराठी घेऊन आले हो, पुण्याचा पत्ता तेवढा घरी विसरले." संक्रांतीपर्यंत अनंताची पानं हिरवीगार झाली, आणि शाल्मलीला त्रिविक्रम आवडू लागला. अगदी जिन्यावर त्याची पावलं वाजली की हातातलं काम विसरण्याइतका आवडू लागला. पण बोलणार कोण? ती भाडेकरू. तो जेवढं बोलायचा ते सगळं चुन्याबद्दल.

मार्चअखेर तीन कळ्या धरल्या, तिन्ही एकाच बाजूला. त्याच आठवड्यात कंपनीनं सांगितलं, की ऑफिस व्हाइटफील्डला हलणार. हनुमंतनगरहून रोज जाणं-येणं फारच जिकिरीचं. मैत्रिणींनी तिकडे घरही पाहिलं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मुक्काम हलवायचा ठरला.

"व्हाइटफील्ड..." त्रिविक्रम एवढंच म्हणाला, आणि टंबलर पुसत बसला. तो मघाशीच पुसून झाला होता.

शाल्मलीनं मनाशी ठरवलं, जायच्या आत एक तरी कळी उमलली पाहिजे. ते फूल त्याच्या हातात ठेवायचं आणि बोलून टाकायचं. पण पहिली कळी फुगली, पिवळी पडली आणि गळून गेली. आठवड्यानं दुसरीही गेली. त्रिविक्रमनं पाणी तपासलं, माती तपासली, मुंग्या शोधल्या. काही सापडेना. शेवटी जायच्या आठ दिवस आधी तो लालबागजवळच्या नर्सरीतल्या म्हाताऱ्या माळ्याला विचारून आला.

"तो म्हणतो, कळी धरली की अनंताची कुंडी जागची हलवायची नाही. जागच्या जागी वळवायचीसुद्धा नाही. उजेडाची बाजू बदलली की कळी टाकतो."

दोघांनी एकमेकांपासून नजर चोरली. मग दोघंही एकदमच म्हणाले, "हेमलताक्का वळवत असतील!"

हेमलताक्का तिथंच कपडे वाळत घालत होत्या. या घरात वीस वर्षं काम करून त्यांचं मराठी पक्कं झालं होतं, आणि जीभ पहिल्यापासूनच पक्की होती.

"अय्यो, माझं नाव कशाला घेता? हे अण्णा साडेसातच्या बसनं गेले, की ही अक्का येऊन कळीचं तोंड अण्णांच्या खिडकीकडे करते. पाचला अण्णा येतात, ते तोंड अक्काच्या खिडकीकडे करतात. महिना झाला, बघते मी. मला वाटलं, पुण्याची पद्धत असेल!"

बादली उचलून त्या खाली गेल्या. गच्चीवर नुसती ओली चादर फडफडत राहिली.

"मला वाटायचं... तुम्ही घरी आलात की आधी तुम्हालाच दिसावी," शाल्मली पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली.

"मलाही तेच वाटायचं..." त्याचे कान लालबुंद झाले होते. "म्हणजे आपण दोघांनी मिळून दोन कळ्या मारल्या."

ती खुदकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आठच दिवस उरले होते.

मुंग्या शोधताना कुंडी जशी फिरली होती, तशीच राहिली. कळीचं तोंड ना त्याच्या खिडकीकडे होतं, ना तिच्या. होतं ते पाण्याच्या टाकीकडे. कोणी तिला बोट लावलं नाही.

रविवारी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. शाल्मली कुंडीचा निरोप घ्यायला वर आली आणि थबकली. वास आधी आला. टाकी आणि कुंडी यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. त्या सांदीत त्रिविक्रम अंग चोरून उभा होता.

"फूल बघायचं तर इथंच यावं लागेल," तो म्हणाला. "दुसरीकडून दिसत नाही."

ती त्या सांदीत शिरली. खांद्याला खांदा लागला. दुधासारखं पांढरं फूल दोघांकडे बघत होतं. ठरवलेलं वाक्य तिला एकही आठवेना.

"शाल्मली, मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी बोलायचं होतं. तोंडातून बोअरचं पाणी निघालं."

"मलाही तुम्ही आवडता. म्हणून तर तुमची कॉफी प्यायले."

खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. त्रिविक्रमनं फुलाकडे हात नेला, पण तिनं त्याचं मनगट धरलं.

"तोडू नका. आणि कुंडी मी नेत नाहीये. खाली फांदीवर आणखी कळ्या आल्यात, हलवलं तर गळतील."

"आणि त्या संपल्यावर?"

"तोवर पुण्याला माझ्या आई-बाबांना भेटून या." तिनं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं. "झाडाला जागा बदलायला लावण्यापेक्षा मीच इथं राहायला येते."