खुर्चीतून उठायला दोन तास

पहिल्याच भेटीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यातली पहिली चाळीस मिनिटं तो एक शब्दही बोलला नाही. बोलणार कसा? त्याच्या तोंडात कापसाचे चार बोळे, एक नळी आणि तिची दोन बोटं होती.

ती दातांची डॉक्टर, तो लिफ्ट दुरुस्त करणारा. शेजारच्या इमारतीतली बंद पडलेली लिफ्ट चालू करून तो खाली उतरला, गाल धरून रस्त्यावर उभा राहिला आणि समोर तिची पाटी दिसली म्हणून आत शिरला. बाहेरच्या टेबलावर तिच्या आत्यानं त्याची सगळी हकिगत केसपेपरवर लिहून घेतली. खालची डावी दाढ. रूट कॅनॉल करावं लागेल, तीन वेळा यावं लागेल, असं सांगून डॉक्टरनं भूल दिली.

काम करता करता बोलायची तिला सवय होती. पेशंटचा जीव रमतो, असं ती म्हणायची. खरं तर तिचाच रमायचा.

“तो अंतराळवीराचा सिनेमा बघितलात?” तिनं ड्रिल हातात घेत विचारलं.

“अं,” तो म्हणाला. बघितला होता तर!

आता या सिनेमाबद्दल थोडं सांगायला हवं. दिग्दर्शक मारधाडीचा. जन्मभर त्यानं गाड्या उडवल्या. उतारवयात त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं विज्ञानकथा काढली, आणि तीही प्रेमाची. अंतराळातून परतलेल्या नवऱ्याचं शरीर मंद झालेलं असतं, इतकं की त्याच्या एका क्षणात बायकोचे महिने जातात. टेबलाशी एकुलती एक खुर्ची, तिच्यात तो बसलेला. बायको चहाचा कप घेऊन दाराशी येते आणि तो उठू लागतो. बस्स, तेवढंच! त्याचं उठणं सिनेमाभर चालतं. बायको त्याच्या खांद्यावरची धूळ पुसते, घराला तीनदा रंग देते, तिचे केस पांढरे होतात. म्हातारा चळला, असं लोक म्हणाले आणि मध्यंतरातच घरी गेले. आमच्या डॉक्टरनं मात्र तो तीनदा पाहिला होता.

“लोकांना कळलाच नाही हो तो,” ती म्हणाली.

त्याचा डावा हात वर गेला. तिनं लगेच ड्रिल थांबवलं. “दुखतंय?”

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

“माझ्या मते तर त्याचा सगळ्यात चांगला सिनेमा—”

हात पुन्हा वर!

“अहो, दुखलं तर हात वर करायचा! पटलं नाही म्हणून नाही!”

तो डोळ्यांनी हसला. डोळे चांगले होते, हे तिनं पाहिलं आणि मुकाट्यानं दाढेकडे वळली.

चूळ भरल्यावर चाळीस मिनिटांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. “काय बंडल सिनेमा आहे, डॉक्टर! माणूस लिफ्टसाठी वीस सेकंद थांबत नाही, चार-चारदा बटण दाबतो. मी रोज बघतो ना. आणि ही बाई एक माणूस उठेपर्यंत जन्मभर थांबते? बरं, तो उठून जाणार कुठे? तिला सोडूनच ना!”

“सोडून जातो असं कोण म्हणालं?”

“त्याच्या तोंडावर दिसतं की.”

बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता. ती म्हणाली, “मंगळवारी या. आणि नियम लक्षात ठेवा. दुखलं तर डावा हात, पटलं नाही तर उजवा.”

मंगळवारी उजवा हात अकरा वेळा वर गेला, डावा एकदाही नाही. शेवटी औषध लिहायला तिनं केसपेपर उलटला आणि आत्याचं बारीक अक्षर पहिल्यांदाच नीट वाचलं. ‘दुखणं सुरू – रविवारी, सिनेमा बघताना, मध्यंतरानंतर. असह्य होऊन उठून घरी.’

“तुम्ही शेवट बघितलाच नाहीत?”

तो खुर्चीत चुळबुळला. “शेवट काय असणार, ते दिसतच होतं…”

“तुमची दाढ ठणकत होती आणि राग काढलात त्या बिचाऱ्या दिग्दर्शकावर! तुमचं मत बाद.”

“मग सांगा शेवट.”

“मुळीच नाही. एकाच ठिकाणी दुपारचा खेळ उरलाय, गुरुवारी तोही जाईल. जा आणि बघा.”

“तुम्ही… येता?”

प्रश्न साधा होता. पण त्याच्या तोंडात आता कापूस नव्हता, आणि तो उत्तराची वाट बघत होता. तिनं ट्रेमधली हत्यारं उगाचच सरळ केली. “मी पेशंटबरोबर सिनेमाला जात नाही.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला आणि गेला.

आत्यानं सगळं ऐकलं होतं. तिनं चष्मा काढला. “तुला कसली माणसं बरी वाटतात सांगू? तोंड उघडं, पण उत्तर न देणारी. म्हणून तो सिनेमा आवडतो तुला. या मुलानं चार शब्द विचारले, तर त्याला नियम सांगितलास.”

“दोनच शब्द होते, आत्या.”

“मोजलेस ना? मग झालं तर!”

ते तिला लागलं, कारण खरं होतं. तो आवडला होता. आता एकच खेप उरली होती, आणि दाढ बरी झाल्यावर कोण कशाला दातांच्या डॉक्टरकडे येतो?

तिसऱ्या खेपेला ती गप्प होती. सिनेमा पाहिलात का, एवढं विचारायचाही धीर होईना. तोही हात न हलवता पडून राहिला. तिनं कॅप बसवली, चावून बघायला सांगितलं, चूळ भरायला लावली.

“झालं. आता सहा महिन्यांनी या तपासायला.” सहा महिने म्हणताना तिचाच आवाज उतरला.

तो उठू लागला. आधी एक हात खुर्चीच्या दांडीवर आला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग पाठ जेमतेम वीतभर सुटली आणि तिथेच राहिली.

“चक्कर येतेय का?” तिनं घाबरून विचारलं.

“नाही. बुधवारी बघितला,” तो तसाच अर्धवट उठलेला म्हणाला. “थिएटरात मी आणि एक झोपलेले आजोबा. डॉक्टर, तो जायला उठत नव्हता. खुर्ची एकच. ती दमून आलेली. तो तिला बसायला जागा देत होता. आणि मी त्याला मूर्खासारखा शिव्या देत होतो!”

“मग? पटलं?”

“पटलं. लोकांना कळलाच नाही तो सिनेमा.” तो एकदाचा पूर्ण उभा राहिला आणि बाजूला झाला. “बसा.”

“मी?”

“बसा तर खरं.”

इतक्या वर्षांत त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. दिवा थेट डोळ्यांवर येत होता. त्यानं तो हातानं बाजूला केला.

“दाढ बरी झाली, म्हणजे मी आता पेशंट नाही. शनिवारी दुपारी सिनेमाला येता? कुठलाही चालेल. गाड्या उडवणारासुद्धा.”

तिच्या तोंडात कापूस नव्हता, नळी नव्हती, भूल नव्हती. तरी शब्द फुटेना. दिवसभर अखंड बोलणारी बाई ती, खुर्चीची दांडी धरून नुसती बसली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. हात मागे बांधून उभा राहिला. बाहेर आत्या खोकली, थांबली, पुन्हा खोकली.

“येते,” ती म्हणाली. मग मास्क काढून हसली. “फार वेळ लावला का मी?”

“मोजला नाही,” लिफ्टवाला म्हणाला.