बाहेरच्या बाजूची गाठ

चला, डोळे मिटा आणि एक खोली मनासमोर आणा. किंवा नको, उघडेच ठेवा. रहस्यकथेत डोळे मिटणाऱ्याला शेवटी चुटपुट लागते.

फुटबॉल क्लबच्या मैदानामागची लांबट खोली. एका भिंतीवर खुंट्या, आणि खुंट्यांवर तळवे वर करून टांगलेले बूट. चिखल वाळून झडावा म्हणून. समोरच्या भिंतीवर क्लबच्या कुमार संघाचे फोटो, दर वर्षाचा एक. साठ वर्षं, साठ फोटो. टेबलावर बूट ठोकायचा लोखंडी पाय, उचलायला दोन हात लागतील असा. दाराशी पायपुसणं. तिथे बूट काढल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम. खोलीच्या मालकालासुद्धा.

मालक म्हणजे बूटवाले आजोबा. पंचेचाळीस वर्षं त्यांनी पोरांचे बूट शिवले आणि प्रत्येक नव्या पोराला लेस बांधायला शिकवलं. यंदा संघाची साठी, म्हणून ते संघाचा इतिहास लिहायला बसले होते.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मैदानवाले काका नळ बंद करायला निघाले आणि गॅलरीच्या पायऱ्यांखाली थबकले.

आजोबा पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू फुटली होती. पायांत बूट होते. दगडी पायरीवर रक्त होतं, पण जेमतेम बशीभर.

फाटकाशी त्यांची बारा वर्षांची नात वाट पाहत होती. ती संघाची गोलकीपर. उंचीने सगळ्यांत कमी, म्हणून पोरं तिला ‘ठेंगू’ म्हणत. काकांची किंकाळी तिनेच आधी ऐकली.

इन्स्पेक्टरबाई आल्या तेव्हा प्रशिक्षक पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता. तीन वर्षांपूर्वी परगावाहून आलेला, दाढीवाला, दणकट माणूस.

“पाय घसरला असेल हो,” तो म्हणाला. “म्हातारं माणूस. लेसचे बूट. मी म्हणूनच पट्टीचे घालतो. एक पट्टी दाबली की झालं.”

“तुम्ही इथे खेळला होतात?”

“मी? छे! मी तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा हे गाव पाहिलं.”

बाईंनी मैदानवाल्या काकांकडे मोर्चा वळवला.

“तुम्ही?”

“मी याच संघातला, बाई. पण गोल खाल्ले, मारले नाहीत. म्हणून गवत कापतोय.” ते हसायला गेले आणि रडले. त्यांच्या बुटांवर सैल फुलगाठ होती, बरोबर मधोमध.

रात्री डॉक्टरांचा फोन आला. “डोक्यात तीन घाव. चार बरगड्या लाथांनी मोडल्यात. पायऱ्या लाथा मारत नाहीत, बाई.”

खोली उघडली. लोखंडी पाय धुतलेला होता, पण खाचेत रक्त राहिलं होतं. फरशी पुसलेली. भिंतीवर एकोणसाठ फोटो आणि एक पांढरट चौकोन. बत्तीस वर्षांपूर्वीच्या संघाचा फोटो गायब होता. आणि कपडे धुवायच्या टबात एक जर्सी, रक्ताने ताठरलेली. पाठीवर सात नंबर.

सात नंबर ठेंगूच्या दादाचा होता. वय अठरा, तापट डोकं. त्याच संध्याकाळी खोलीच्या दारात तो आजोबांवर ओरडत होता, हे निम्म्या संघाने ऐकलं होतं. सकाळी दादा कोठडीत गेला.

बाई ठेंगूच्या घरी आल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. ठेंगूच्या गालावर चेंडूएवढा निळा डाग होता.

“हा कशाने?”

“सरांनी. तीन हातांवरून तोंडावर चेंडू मारतात. म्हणतात, भीती मरते.”

“आणि मरते?”

“नाही. मोठी होते.” तिने नाक पुसलं. “दादा शुक्रवारी सरांना बोलला. मग सरांनी सगळ्यांदेखत त्याची जर्सी अंगातून ओढून काढली आणि आपल्या कपाटात कोंबली. संघातून हाकललं त्याला.”

बाईंची पेन्सिल थांबली. “मग आजोबांवर का ओरडला?”

“तो म्हणत होता, ‘आजोबा, तुम्ही बोलत का नाही सरांना?’ आजोबा म्हणाले, ‘उद्यापर्यंत थांब. त्यालाच बोलायची संधी दिलीय.’”

बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतले आजोबांचे बूट जमिनीवर ठेवले. “हे त्यांचेच ना?”

ठेंगू वाकली. बराच वेळ बघत राहिली.

“बूट त्यांचे. गाठ माझी नाही.”

“म्हणजे?”

“त्यांची बोटं वाकडी झालीत. रोज सकाळी लेस मीच बांधते. मधोमध, सैल, एका ओढीत सुटणारी. त्यांनीच शिकवलीय. आणि खोलीतून निघताना मला हाक मारतात. काल मारलीच नाही.”

बुटांवरच्या लेसला तीन घट्ट वेढे होते आणि गाठ पावलाच्या बाहेरच्या बाजूला. दोन्ही पायांवर तशीच.

बाईंनी ते बूट मैदानवाल्या काकांना दाखवले. ठेंगू मागे मागे आलीच होती.

“अरे, ही तर जुनी गाठ!” काका म्हणाले. “चेंडू पावलाच्या आतल्या अंगाने लागतो, म्हणून गाठ बाहेर. आजोबा पूर्वी हीच शिकवायचे. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी एका पोराने सरावात दुसऱ्याचा पाय मुद्दाम मोडला. नडगी बाहेर आली होती म्हणे. पाऊल सुजलं, गाठ सुटेना. सुरी मागवून बूट कापेपर्यंत पोरगं किंचाळत होतं. तो पाय पुढे कापावाच लागला. त्या दिवसापासून आजोबांनी ती गाठ बंद केली.”

“पाय मोडणारा?”

“त्याच आठवड्यात हाकलला. टोळ म्हणायचे त्याला. मी पाहिला नाही कधी.”

बाईंनी ‘टोळ’ हे नाव लिहून घेतलं. ठेंगूने ती गाठ पुन्हा एकदा निरखली.

शुक्रवारी सराव पुन्हा सुरू झाला. इन्स्पेक्टरबाई गोलच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. प्रशिक्षकाने चेंडू तीन हातांवर ठेवला.

“तयार, ठेंगू? आजोबांसाठी!”

“थांबा सर.” ठेंगूने दोन्ही हात वर केले. जाडजूड हातमोजे, मनगटावर आवळलेले. “लेस सुटलीय. या मोज्यांत बोटं चालत नाहीत. बांधता का?”

“नखरे नुसते! आण इकडे पाय.”

तो एका गुडघ्यावर बसला. मागे रांगेतली पोरं चुळबुळत होती. त्याने लेस ओढली, एक वेढा, दोन, तीन, आणि हिसक्याने गाठ मारली.

बाहेरच्या बाजूला.

ठेंगू पायाकडे पाहत हळूच म्हणाली, “ही तर आजोबांची जुनी गाठ आहे, सर. तुम्हाला कोणी शिकवली?”

क्षणभर त्याचे हात तिथेच राहिले. मग त्याने मान वर केली, बाईंना पाहिलं आणि ठेंगूचा घोटा पकडून तिला आडवं आपटलं. बाई पुढे झेपावल्या. त्याची लाथ त्यांच्या पोटात बसली. तो पळाला, पण दहा पावलंच. मैदानवाल्या काकांनी कोपऱ्यावरचा झेंडा उपटून त्याच्या नडगीवर हाणला. तो तोंडावर आपटला, दात गवतात सांडले, आणि पोरांच्या रांगेतून कोणीच त्याला उठवायला गेलं नाही.

बेड्या घातल्यावर बाईंनी श्वास घेतला.

“पडला असेल म्हणालात. पण पडलेल्या माणसाचं रक्त पायरीवर एवढंसंच कसं? म्हणजे मारलं दुसरीकडे. ते खोलीत अनवाणी असत. अनवाणी प्रेत पायऱ्यांशी सापडलं असतं तर खोलीचा संशय आला असता. म्हणून तुम्ही त्यांना बूट घातलेत, लेस बांधलीत. घाईत हात तेच करतात, जे लहानपणी शिकलेत.”

“अशी गाठ शेकडो लोक बांधत असतील!” तोंडातलं रक्त थुंकून तो ओरडला.

“असतील. पण त्या संध्याकाळी पोरं गेल्यावर इथे तिघेच मोठे होते. काका आणि ठेंगूचा दादा गाठ बदलल्यानंतरचे. त्यांना ती येतच नाही. बदलण्याआधी शिकून गेलेला एकच. तीन वर्षं तुम्ही इथे लेस टाळत आलात. शिवाय सात नंबरची जर्सी तुमच्याच कपाटात होती. पोराला अडकवायला तीच वापरलीत.”

बाईंनी पिशवीतून एक जुना फोटो काढला. “भिंतीवरचा तुम्ही पळवलात. पण ज्याचा पाय गेला, त्याच्या आईने आपली प्रत जपली होती. मागे सगळी टोपणनावं आहेत. मागच्या रांगेतला हा टोळ. दाढी वाढवता येते, नाव बदलता येतं, हनुवटीवरची खोक दाढीतूनही दिसते. आजोबांनी ओळखलं आणि तुम्हाला एक दिवस दिला. म्हणाले असतील, स्वतः सांग.”

“हो, म्हणाले!” तो किंचाळला. “पंधरा वर्षांचा होतो मी! साठ पानांच्या पुस्तकातलं एक पान! वगळा म्हटलं, एवढंच तर!”

“आणि ते?”

त्याने मान खाली घातली. “म्हणाले, वर्ष वगळलं तर त्या पोराचा पायही वगळावा लागेल.”

दुपारी दादा सुटून आला. ठेंगू खोलीच्या दाराशी, पायपुसण्यावर बसली होती. मोजे बाजूला. ती गाठ काही केल्या सुटत नव्हती.

“थांब, सुरी आणतो,” दादा म्हणाला.

“नको. बूट कापायचे नाहीत.”

तिने दात लावले, नखं लावली. एकेक वेढा उलगडला. बूट काढले, तळवे वर करून खुंटीवर टांगले.

“बाई, तो फोटो मला द्याल?” तिने दादाला सोडायला आलेल्या इन्स्पेक्टरबाईंना विचारलं.

“पुरावा आहे, बाळ. खटला संपला की परत मिळेल.” बाई थांबल्या. “पण तो नालायक त्यात आहे. खरंच लावायचाय तुला?”

ठेंगूने मान डोलावली. मग ती अनवाणी आत गेली, आजोबांचं स्टूल ओढून त्यावर चढली, आणि त्या पांढऱ्या चौकोनाच्या वर वाकडा झालेला खिळा ठोकून सरळ करू लागली.