तुझ्याशी, तुझ्यावर

माकडाने चष्मा पळवला सुशांतचा, पण ओरडली अंबिका.

"ए बंदरा! मेल्या, चष्मा दे इकडे! नाहीतर बघच!"

काशीच्या अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर थंडीतलं कोवळं ऊन पसरलं होतं. कठड्यावरचं माकड चष्म्याची काडी चावत होतं. खाली उभा असलेला लांब मानेचा मुलगा डोळे बारीक करून बघत होता... माकडाकडे की तिच्याकडे, ते चष्म्याशिवाय त्यालाही कळत नसावं.

"बंदर?" तो म्हणाला. चक्क मराठीत! "बंदरात जहाजं लागतात. हे माकड आहे."

अंबिका गर्रकन वळली. दूधविनायकाच्या गल्लीत वाढलेल्या मुलीला घराबाहेर अचानक मराठी ऐकू येणं म्हणजे भर बाजारात कुणीतरी लाडाच्या नावाने हाक मारणं.

"अच्छा? मग तूच सांग त्याला, तुझ्या पुण्याच्या मराठीत. देतो काय बघू."

"पुण्याचा आहे हे कसं ओळखलंस?"

"चष्मा गेला तरी चुका काढतोस, म्हणून."

तिने पिशवीतला अमरूद, म्हणजे पेरू, फेकला. माकडाने अमरूद झेलला, चष्मा टाकला. मुलाने काचा पुसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट पाहिलं... आणि हसला.

"ते बंदरावालं — परत म्हण ना."

तिथूनच सगळं सुरू झालं. त्या 'परत म्हण ना'पासून.

सुशांतच्या वडिलांची बँकेतून इथे बदली झाली होती. तो अंबिकाच्याच शाळेत, बारावीच्या शेजारच्या वर्गात आला होता. शाळांच्या संशोधन स्पर्धेसाठी त्याला काशीतल्या मराठी घरांच्या बोलीवर प्रकल्प करायचा होता. लोकांना बोलतं करायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि रेकॉर्डिंग, फोटो, टिपणं असं सगळं एआयच्या अभ्यास-सहायकात घालायचं.

"तो बाहेरचं काही सांगत नाही," सुशांतने तिला समजावलं. "मी घातलंय तेवढंच वाचतो, नीट लावून ठेवतो. काही विचारलं की उत्तर देतो, आणि ते कुठून घेतलं तेही दाखवतो."

"म्हणजे आमच्या बाबांच्या उलट," अंबिका म्हणाली. "बाबा तर पोथीत नाही तेपण सांगतात."

गुरुजींचं, तिच्या बाबांचं, रेकॉर्डिंग झालं. आईचं झालं. मग बाकीच्यांकडे न्यायला अंबिकाच बरोबर जाऊ लागली. त्या बदल्यात त्याने तिच्या इतिहासाच्या इकडेतिकडे विखुरलेल्या नोट्स त्या सहायकात लावून दिल्या. आपलंच अक्षर, आपल्याच नोट्स — आणि त्यातून प्रश्न विचारून अभ्यास करता येतो! वर्गात हात वर करताना जिला घाम फुटायचा, ती आता मॅडमना उलट प्रश्न विचारू लागली. चालताना तिची वेणीसुद्धा जरा जास्तच झुलायला लागली.

आणि सुशांत? तो तिची चेष्टा करायचा.

"मलइयो मला फार अच्छी लागते," मातीच्या कुल्हडातला केशरी फेस चाटत ती म्हणायची.

"छान लागते."

"छान तुमच्या पुण्यात. इथे अच्छी!"

"परत म्हण ना."

ती परत म्हणायची. नाकाच्या शेंड्याला फेस लागलेला, गाल लाल झालेले. एवढ्या प्रेमाने तिचं बोलणं पुन्हा पुन्हा कुणी मागितलं होतं का कधी? शाळेत मराठी ऐकून मुली हसायच्या, महाराष्ट्रातले पाहुणे तिच्या मराठीला हसायचे. आणि हा मात्र...

रामनगरच्या एका मावशींचं बोलणं रेकॉर्ड करून ते नावेतून परत येत होते. धुकं इतकं की पलीकडचा काठ पुसून गेलेला. वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज, मध्येच एखाद्या पाखराचा चीत्कार. सुशांतचा फोन दोघांच्या मध्ये फळीवर पालथा पडला होता.

"सुशांत..."

"हं?"

"मला ना... तुझ्याशी प्रेम झालं आहे."

नाववाल्याने तेवढ्यात नेमकं खोकून घेतलं. मग सुशांत अगदी हळू म्हणाला, "परत म्हण ना."

तिने म्हटलं. डोळे मिटून, पहिल्यापेक्षा स्पष्ट. त्याने आपला मफलर काढून तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. तिला वाटलं, हेच उत्तर.

दोन-तीन दिवसांनी त्याने तिला प्रकल्प बघायला पाठवला. 'गुरुजींचे शब्द मी बरोबर लिहिलेत ना, तेवढं तपास. तुला काय विचारायचं ते त्या सहायकालाच विचार.'

अंबिका गच्चीवर उन्हात बसली. बाबांचे शब्द बरोबर होते. मग तिच्या मनात खट्याळपणा आला. तिने लिहिलं, 'अंबिका कोण आहे?'

'दिलेल्या साहित्यात अंबिका नावाची व्यक्ती आढळत नाही.'

ती हसली. नाव लपवलंय, वेडा! 'दूधविनायकात राहणारी, बारावीतली मुलगी?'

'स्रोत चौदा. हिंदीच्या प्रभावाची सर्वाधिक उदाहरणे याच स्रोतात आहेत. उदाहरणार्थ, "मला तुझ्याशी प्रेम झालं आहे." प्रमाण मराठीत येथे "तुझ्यावर" अपेक्षित आहे. हे वाक्य दोनदा उच्चारले असल्याने ही अनवधानाची चूक नसून सवय असावी.'

दोनदा.

मफलर गळ्याला टोचायला लागला. तिने विचारलं, 'सुशांतने चौदाबद्दल काय लिहिलंय?'

'संशोधकाचे टिपण : "चेष्टा केली की चौदा खुलून बोलते. वाक्य पक्कं करायचं असेल तर परत म्हण म्हणावं. आनंदाने म्हणते."'

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे मस्करी. त्याने दोन्ही केल्या होत्या.

शेवटचा प्रश्न लिहायला तिला फार वेळ लागला. 'सुशांतला ती आवडते का?'

'याबद्दल दिलेल्या साहित्यात काही आढळत नाही.'

"नाव तर नाही ना टाकलं," घाटावर तिने जाब विचारल्यावर सुशांत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "फोन बंद करायचा राहिला गं त्या दिवशी. खरंच."

"आणि ऐकल्यावर? तेव्हा पुसायचंही राहिलं?"

त्याने नजर पायऱ्यांकडे वळवली.

"आणि ते टिपण?"

"ते पहिल्या आठवड्यातलं आहे, अंबू. नंतरचं... नंतरचं मी लिहिलंच नाही."

"का?"

"ते प्रकल्पात बसत नव्हतं."

एवढ्या एका वाक्यावर ती सगळं विसरायला तयार होती — वेडीच ना!

"मग नावेतलं काढून टाक. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोन काढला. अंगठा पडद्यावर आला... आणि तिथेच थांबला.

"रविवारी फायनल आहे. तेच सगळ्यात चांगलं उदाहरण आहे गं. मॅडमपण म्हणाल्या. झालं की लगेच काढतो, शप्पथ."

ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. तो खाली आला नाही. मग तिने मफलर सोडला, घडी घालून पायरीवर ठेवला आणि निघून गेली.

रविवारी शाळेच्या सभागृहात पडद्यावर तिचं वाक्य झळकलं. मोठ्या अक्षरांत, खाली हिंदी अर्थासकट. मागून कुणीतरी शिट्टी मारली. हशा पिकला.

शेजारी बसलेली ईशानी खिदळली, "हाय, कौन होगी बेचारी?"

"पता नहीं," अंबिका म्हणाली.

सुशांतला दुसरं बक्षीस मिळालं. तिने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो घाटावर तिची वाट बघत उभा होता.

"काढलं. चौदाचं सगळं काढलं. फोनपण घरी ठेवून आलोय, हे बघ." त्याने दोन्ही रिकामे हात पुढे केले. चष्म्याआड त्याचे डोळे ओले होते. खोटे नव्हते, तेच तर वाईट होतं. "अंबू... परत म्हण ना. एकदाच. फक्त मला."

कठड्यावर तेच माकड ऊन खात बसलं होतं. आज दोघांपैकी कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"मी बोलत तुझ्याशी होते, सुशांत," ती म्हणाली. "तू अभ्यास माझ्यावर केलास."

"तसं नाही गं —"

"ऐक ना, आता शुद्ध बोलते. माझा तुझ्यावर राग आहे. इथे 'वर'च लागतं ना? हिंदीतपण 'पर'च लागतं. दोन्हीकडे बरोबर."

त्याने मान खाली घातली. परत म्हण, असं तो म्हणाला नाही.

अंबिका पायऱ्या चढून गल्लीत शिरली. वळणावर थांबून तिने मागे पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिने ते नावेतलं वाक्य एकदाच, अगदी हळू, जसंच्या तसं म्हटलं.

स्वतःशी.