आधी हात धुवा, मामा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. ही गोष्ट आमच्या मागच्या घरातल्या माणसाची. रंगाच्या कारखान्यात सासऱ्याच्या जागी लागला, म्हणून सगळे त्याला जावईबापूच म्हणत.

कारखान्यातली थिनरची वाफ एका मोठ्या हौदातून बाहेर सोडत. साहेब त्याला बायोफिल्टर म्हणायचे. हौदात लाकडाचे तुकडे अन् कुजकं खत. त्यातले जंतू वाफ खातात. फक्त ते आतपर्यंत ओलं राहायला हवं. सासरा रोज कोपरापर्यंत हात घालून मूठभर खत दाबून बघायचा. पाणी गळलं तर जास्त झालं, भुगा झाला तर कमी पडलं. उजवी करंगळी यंत्रात गेलेली, नखांत काळा चिकटा. तसाच घरी येऊन नातीला उचलायला जायचा. जावयाला शिसारी यायची.

"आधी हात धुवा, मामा! पोरीला शिवू नका."

म्हातारा गुमान हात मागे घ्यायचा. पुढे तो वारला, अन् हौदाचं काम जावयाकडे आलं.

जावई नाकाला रुमाल लावून काठावरूनच बघायचा. वर ओलं दिसलं की झालं काम! आत हौद वाळला, भेगा पडल्या, वाफ तशीच बाहेर. घर कारखान्याच्या भिंतीला लागून. केलं कोणी अन् भोगलं कोणी. पोर खोकून खोकून बेजार.

त्या शनिवारी, रात्री पावणेदोनला, पोरीचा श्वास अडकायला लागला. बायको म्हणाली, "बाबा होते तेव्हा असा वास कधी आला नव्हता. जा, आधी हौद बघा!"

त्याने झाकण उघडलं. भपकारा आला. वर बुळबुळीत शेवाळ, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. किळस गिळून त्याने हात घातला. वर ओलं. आत कोरडं ठाक. अजून खाली... गार. मऊ.

त्याने मूठ आवळली.

त्याच्या मुठीवर... कुणीतरी मूठ आवळली.

हात उपसला. भडाभडा ओकला. पाण्याचा नळ कसाबसा पूर्ण सोडला अन् घराकडे पळत सुटला.

घरात खोकला ऐकू येईना. काहीच ऐकू येईना...

दारातच बायको. "हळू! आत्ताच झोपली. मी पाणी आणायला उठले, तेवढ्यात आपोआप शांत झाली. उचलायचीही वेळ आली नाही."

तो वाकला. श्वास संथ चाललेला. पण अंगातल्या झबल्याला तोच कुजका वास. दोन्ही काखांखाली काळे, ओले डाग. लेकरू उचलताना बोटं लागतात ना, तसे.

एका बाजूला चार.

दुसऱ्या बाजूला... तीन.