साठ मिनिटांनंतरही थांबलेली सवारी

"नावं देऊ नको गं, नुसते नंबर दे," सरांनी बजावलं होतं. "कॉम्प्युटरला नावाचं काय?"

निलमनं ऐकलं नाही.

आज माझा मंगळवारचा उपास आहे, खोटं लिहिणार नाही. निलम माझी पुतणी. हे घडलं एप्रिल २००८ मध्ये, हिंगोलीच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटरच्या खोलीत. भर दुपारी.

तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. आखाडा बाळापूरकडच्या आमच्या बंजारा तांड्याला ऑनलाइन जीप मागवता आली तर? खरी सोय करण्याआधी तिचं सोंग कॉम्प्युटरवर वठवून बघायचं. त्याला सिम्युलेशन म्हणतात. खोटे प्रवासी, खोट्या जीपा. जीप मिळाली की प्रवाशाचं नाव जायचं; साठ मिनिटांत मिळाली नाही, तरी तो कंटाळून गेला असं धरून प्रोग्राम त्याचं नाव काढून टाकायचा. किती जीपा असल्या म्हणजे कुणी ताटकळणार नाही, एवढंच शोधायचं होतं.

प्रवाशांना तिनं तांड्याच्या जुन्या मतदार यादीतली नावं दिली. आपली माणसं पडद्यावर बघायची हौस, दुसरं काय.

एका खोट्या दिवसाचा रन संपला. सगळी नावं गेली.

एक सोडून...

'भिकाबाई. थांबली आहे.'

शेजारच्या कॉम्प्युटरवरचा प्रज्ञेश हसला. "तुजी म्हातारी लई चिवट हाय! तास उलटला तरी हलून न्हाई राहिली."

निलम हसली नाही.

भिकाबाई माझी नणंद, निलमची आत्या. त्याच्या तीन वर्षं आधी तिच्या छातीत कळ आली, तेव्हा निलमनंच तिला तांड्याच्या फाट्यावरच्या लिंबाखाली बसवलं होतं. "तू इथंच थांब आत्या, मी जीप घेऊन येते."

जीप मिळेपर्यंत सांज झाली. लिंबाखाली कुणीच नव्हतं. माणसांनी आत्याला उचलून तांड्यात आणलं होतं... अंगावर चादर घालून.

"यादी जुनी हाय, म्हणून," निलम पुटपुटली. तिनं ते नाव पुसलं. पुन्हा रन दिला.

सगळी नावं गेली...

'भिकाबाई. थांबली आहे.'

पुढं मिनिटांचा आकडा. पंधरा लाख अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे चाळीस.

"रन तर एकाच दिवसाचा हाय ना?" प्रज्ञेशनं कॅल्क्युलेटर ओढला. त्याची बोटं थबकली. "निलम... हे तीन वर्षं होतात. लीपचा दिवस धरून, बराबर तीन."

तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले. सगळे पडदे काळे झाले.

पण खोली गप्प नव्हती...

खट्.

खट्... खट्.

आमच्या तांड्यातल्या बाया कोपरापर्यंत बलिया घालतात. त्या पांढऱ्या बांगड्या एकमेकींवर आपटाव्यात, तसा आवाज.

प्रज्ञेश दाराबाहेरच्या चपलाही न घालता पळाला.

आवाज निलमच्या पाठीमागच्या खुर्चीतून येत होता. तिला मान वळवायची हिंमत झाली नाही.

"आत्या," ती कशीबशी म्हणाली, "आणते मी जीप."

आवाज थांबला.

ते काय होतं, मला आजही कळलेलं नाही. त्या फाट्यावरून जाताना मी मान वर करत नाही, अन् सेवालाल महाराजांचा जप थांबू देत नाही.

निलम तशीच उठून स्टँडसमोर गेली. आमच्या ओळखीच्या धर्मसिंगची जीप उभी होती. तिनं फाट्यावरच्या लिंबापर्यंत जाऊन यायला आख्खी जीप सांगितली.

"किती सवारी, पोरी?"

"जाताना मी एकटीच, काका."

"अन् येताना?"

निलमनं पुढची सीट ओढणीनं पुसली, रिकामी ठेवली, अन् स्वतः मागं जाऊन बसली.